कान आहेत, वेणी आहे, पण डोकं नाही! ओळख पाहू कोण?

एक कोडं घालू? तिला कान आहेत, पण तिला ऐकू येत नाही. तिला अंगठा आहे, पण बोटं नाहीत. तिची छान वेणी घातलेली असते, पण डोक्याचाच पत्ता नाही! आणि चालायला लागली की ती बोलते. कर्र! कर्र! कर्र!

ओळखलंस? शाब्बास! कोल्हापुरी चप्पल!

तू म्हणशील, "आम्ही चिकोडीचे. कोल्हापूरच्या चपलेचं आम्हाला काय?" अरे, थांब थांब! खरी गंमत तर तिथेच आहे. कोल्हापुरी चप्पल एकट्या कोल्हापुरात बनतच नाही. ती आपल्या निपाणीत बनते. अथणीत बनते. अथणी तालुक्यातल्या मदभावीत बनते. निपाणीहून थोडं पलीकडे गेलं की सेनापती कापशी लागतं ना, कागल तालुक्यातलं? त्या गावाचं तर नावच एका चपलेला मिळालंय. जाडजूड, रुबाबदार, घालून चाललं की चार माणसं वळून बघतील अशी 'कापशी'!

आणि हे काही मी उगाच म्हणत नाही बरं का. २०१८-१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय? वर्गात हजेरीपट असतो ना, त्यात ज्याचं नाव तोच त्या वर्गाचा. तसाच हा वस्तूंचा आणि गावांचा हजेरीपट. कोल्हापुरी चपलेच्या पटावर महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. आणि कर्नाटकातलेही चार: बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर. दोन राज्यं, आठ जिल्हे, चप्पल एकच!

आता आणखी एक धमाल ऐक. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात फॅशनचा मोठा कार्यक्रम झाला. प्राडा नावाची जगप्रसिद्ध कंपनी आपले नवे कपडे दाखवत होती. मॉडेल ऐटीत चालत आले. पायात काय होतं माहितेय? अंगठा, पट्टा, वेणी... हुबेहूब आपल्या चपलेसारखी चप्पल! कंपनीने भारताचं नावही घेतलं नव्हतं. मग इकडे केवढा गलका झाला! लोकांनी ठणकावून सांगितलं, ही तर आमच्या कारागिरांची कला आहे! शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की कल्पना भारतातल्या पारंपरिक चपलांवरूनच आली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योगाच्या सरकारी महामंडळांबरोबर तिने करारही केला. दोन हजार जोड इथेच बनवायचे ठरले. किंमत? एका जोडाला आठशे युरोंच्या आसपास. रुपयांत ऐंशी हजारांच्या वर! मला विचारशील तर नाव घेण्यासाठी इतका आरडाओरडा करावा लागायला नको होता. पण झालं ते चांगलं झालं.

बरं, एक जोड हातात घे. नीट बघ. दोन्ही बाजूंना तळातून बाहेर आलेले चामड्याचे तुकडे दिसले? तेच तिचे कान! पट्टा या कानांना शिवलेला असतो. असे कान असलेली हलकी, पातळ चप्पल १९२० च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर कुटुंबाने बनवली. तिला नावच पडलं 'कानवाली'.

आता खिळे शोध. सापडले? नाही ना? सापडणारच नाहीत! अस्सल कोल्हापुरीत एकही खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात. कारागीर आरीने भोक पाडतो, वादी ओवतो, घट्ट ओढतो. चामडं कापायला आणि तासायला रापी. बहुतेक घरांत जाड तळ कापणं-ठोकणं पुरुष करतात आणि वेण्या घालण्याचं नाजूक काम बायका करतात. तळाला म्हशीचं जाड कातडं लागतं, वेणीला शेळीचं मऊ.

आणि इथे मला एक प्रश्न पडतो. तुलाही पडू दे!

कातडं म्हणजे प्राण्याची त्वचाच की नाही? मग ती कुजत का नाही? ओली ठेवली तर चार दिवसांत दुर्गंधी सुटायला हवी. नुसती वाळवली तर कडक व्हायला हवी, हलगीवर ताणलेल्या कातड्यासारखी ताडताड वाजणारी. चप्पल मात्र मऊ राहते, वाकते आणि वर्षानुवर्षं टिकते. कशी काय?

यामागचा जादूगार तुझ्या ओळखीचा आहे. रस्त्याकडेला, बांधावर उभा असतो, काटे रोखून. बाभूळ! आणि त्याचा जोडीदार हिरडा.

तू कधी हिरड्याचा तुकडा चघळलायस? नाहीतर कच्चं केळं तरी चाखलं असशील. तोंड कसं होतं? जीभ आखडते, टाळा कोरडा पडतो. तुरट! झाडांत टॅनिन नावाचा पदार्थ असतो, त्याची ही करामत. जनावरांनी आपल्याला ओरबाडून खाऊ नये म्हणून कितीतरी झाडं टॅनिन बनवतात. ते तोंडात गेलं की लाळेतल्या प्रथिनांना पकडून ठेवतं. लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि आपण "ई!" म्हणतो.

कातड्यातही प्रथिनं असतात. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. आणि आता श्वास रोखून ऐक! कोलॅजन दिसतं कसं? तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले. तीन पदर! म्हणजे चपलेच्या वरही वेणी आणि चपलेच्या आतही वेणी! आतली वेणी इतकी बारीक, की तुझ्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो वेण्या शेजारी शेजारी मावतील. वरची वेणी घालणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलं असेल का? मला तर हा विचार आला की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

या बारीक वेण्यांमध्ये पाणी असतं. जिवाणूंना तिथे मेजवानीच! पण बाभळीचं टॅनिन आत शिरतं, पाण्याची जागा घेतं आणि शेजारच्या वेण्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. मग जिवाणूंना काही खाता येत नाही. आणि वेण्या वाळल्यावर एकमेकींना चिकटून कडकही होत नाहीत. कातड्याचं चामडं झालं!

पण टॅनिन एवढ्या जाड कातड्यात शिरवायचं कसं? जुन्या कारागिरांनी काढलेली युक्ती भारी आहे. आधी कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे केस सुटतात. मग त्याच्या कडा शिवून चक्क एक मोठी पिशवी करायची. ती टांगायची आणि आत बाभळीच्या सालीचा न् हिरड्याचा काढा ओतायचा. श्रीखंडासाठी आई दही फडक्यात बांधून टांगते ना, अगदी तशी ही पिशवी ठिबकत राहते. थेंब थेंब काढा कातड्याच्या आरपार झिरपतो. खाली जमलेला काढा पुन्हा वरून आत! काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे कुठलाच कोपरा कोरडा राहत नाही. घाई केलेली चालत नाही. चपलेचा तो मधासारखा तपकिरी रंगही या काढ्यातूनच येतो.

आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियम नावाच्या धातूच्या क्षारांनी कमावतात. ते काम झटपट होतं. बाभळीचं काम हळू चालतं, पण त्या चामड्याचा तळ वापरता वापरता तुझ्या पावलाचा आकार घेतो. म्हणून नवी चप्पल आधी चावते आणि मग एकदम तुझीच होते! पावसात मात्र तिला घरात ठेव. भिजली की तळ फुगतो, शिवण ढिली पडते.

अरे हो, कर्र कर्र राहिलंच की! वाजणाऱ्या चपलेत 'विंचू' बसवलाय असं म्हणतात. घाबरू नकोस! विंचू नावाचं एक रानझुडूप असतं, त्याच्या बिया तळाच्या थरांत घालतात, असं सांगितलं जातं. पूर्वी म्हणे आवाजावरूनच कळायचं, पाटील आले!

पुढच्या वेळी निपाणीच्या बाजारात जाशील तेव्हा खिशात शाळेतलं लोहचुंबक टाक. चपलेच्या तळावरून हळूच फिरव. कुठे चिकटलं, तर आत लोखंडी खिळा लपलाय! नाही चिकटलं, तर दुकानातल्या काकांना विचार, "काका, हे चामडं बाभळीचं का?" आणि घरी येऊन दुसरा प्रयोग कर. आईला कोरा, कडक चहा दोन कपांत ओतायला सांग. जरा निवू दे. एकात चमचाभर दूध घाल. आधी कोरा पी, मग दुधाचा. दुसऱ्या कपातला तुरटपणा कुठे पळाला? दुधातल्या प्रथिनांनी चहातलं टॅनिन आधीच पकडलं, तुझ्या जिभेसाठी ते फारसं उरलंच नाही!