समोरच्या बाजूचा वकील

कोल्हापूरच्या गूळ बाजारातील एका परिचित पेढीच्या शेठजींनी दोन वर्षांपूर्वी मला बोलावून घेतले. गोदाम सांभाळणाऱ्या जुन्या नोकरावर अफरातफरीचा आरोप ठेवला होता. त्याला कामावरून काढण्यापूर्वी रीतसर चौकशी व्हावी आणि चौकशी अधिकारी म्हणून मी बसावे, अशी त्यांची इच्छा होती. वकिली सोडून मला बरीच वर्षे झाली आहेत. परंतु पेढीशी माझे नातेही नाही आणि देणेघेणेही नाही, म्हणून मी होकार दिला. (नातेवाइकाने हे काम कधीही स्वीकारू नये.)

चौकशी पेढीच्या माडीवर होती. टेबलाच्या एका बाजूस शेठजींचे भाचे बसले होते. ते पुण्यात वकिली करतात. त्यांच्यापुढे फायलींची चळत होती. दुसऱ्या बाजूस एकवीस वर्षे त्याच पेढीवर राबलेला तो गोदामवाला, हातात आरोपपत्राची घडी. आरोप वाचून झाल्यावर त्याने एवढेच विचारले, "साहेब, माझ्या बाजूनं कोण बोलणार?"

"काका, घरच्या चौकशीत वकिलाचा हक्क कोणालाच नसतो," भाचे तत्परतेने म्हणाले.

हे उत्तर अर्धे बरोबर होते, आणि अर्ध्या बरोबर उत्तरानेच पेढ्या अडचणीत येतात.

बरोबर अर्धे असे. मालकाने घेतलेली चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे. तेथे कामगाराला प्रतिनिधी आणण्याचा उपजत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये टाटा लोकोमोटिव्हच्या प्रकरणात सांगितले आणि पुढेही अनेकदा तेच मत कायम ठेवले. सेवानियमांत सहकाऱ्याची वा संघटनेच्या प्रतिनिधीची सोय असेल तर तेवढी द्यावी लागते. त्यापलीकडे सक्ती नाही.

राहिलेले अर्धे मुंबईच्या गोदीतून आले. मुंबई पोर्ट ट्रस्टने एका कर्मचाऱ्याची चौकशी करताना आपली बाजू मांडण्यासाठी स्वतःच्या कायदा विभागातील अधिकारी नेमले आणि त्या कर्मचाऱ्याने वकील मागितला तेव्हा नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर १९८२ मध्ये न्यायमूर्ती देसाई यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा : ज्याच्यासमोर कायद्यात मुरलेली व्यक्ती उभी केली आहे, त्याने वकील मागितला असता तो नाकारणे म्हणजे बचावाची वाजवी संधी नाकारणे होय. नंतर हरियाणा बियाणे महामंडळाच्या प्रकरणात हीच कसोटी पुढे गेली. तेथे महामंडळाची बाजू मांडणारा अधिकारी कायद्याचा जाणकार होता, आणि तेवढ्यावरून न्यायालयाने वकील नाकारणे अयोग्य ठरवले.

म्हणजे नोकराला वकिलाचा हक्क देणारे प्रत्यक्षात मालकच असतात. मुनीमजींनी पेढीची बाजू मांडली असती तर गोदामवाल्याची मागणी मी कदाचित नाकारू शकलो असतो. भाचे खुर्चीत बसले, त्याच क्षणी समोरची खुर्चीही भरणे भाग होते. मी शेठजींना दोन वाटा सांगितल्या : भाच्यांना उठवा, नाहीतर त्यालाही वकील आणू द्या. शेठजींनी दुसरी निवडली. भाच्यांना ते फारसे रुचले नाही.

पुष्कळांना वाटते, "आमचे तर दुकान, कारखान्याचे कायदे आम्हांस कसले?" परंतु १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निकालाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ इतका व्यापक झाला, की दुकानातला कारकूनही बडतर्फीविरुद्ध दाद मागू शकतो. चौकशी सदोष ठरली तर मालकाला आरोप पुन्हा पहिल्यापासून पुराव्याने सिद्ध करावा लागतो. चौकशी निर्दोष असली तरी शिक्षा जाचक वाटल्यास ती सौम्य करण्याचा अधिकार १९७१ च्या दुरुस्तीने न्यायालयाला मिळाला. बडतर्फी बेकायदा ठरल्यास सामान्यतः मागील पगारासह कामावर घ्यावे, असे २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. खटला आठ वर्षे चालला तर ती रक्कम किती होईल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

न्यायाधिकरणापुढील नियम तर अधिक विलक्षण. तेथे वकील उभा करण्यास दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी, दोन्ही लागतात. समेटाच्या बैठकीत तर वकील चालतच नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही अट त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ठेवली आहे. धनवान मालकाने नामांकित वकील आणून एकट्या कामगाराला दडपू नये, हा तिचा हेतू. पळवाट अर्थातच सापडली. मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी वकीलही असेल, तर तो पदाधिकारी या नात्याने विनासंमती उभा राहू शकतो, असे १९७६ मध्ये पारादीप बंदराच्या प्रकरणात ठरले. कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही तीच मुभा आहे, हे विसरू नये. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला न्यायालयीन कामासाठी मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. 'त्याला कुठला वकील परवडणार' या भरवशावर कोणी राहू नये.

पुढच्या तारखेस गोदामवाल्याबरोबर नुकतीच सनद घेतलेली एक मुलगी आली. तिने पेढीच्या संगणकावरचा साठ्याचा तक्ता मागितला. जूनमध्ये आलेला गूळ आणि सप्टेंबरात गेलेला गूळ यांच्या वजनात फरक होता, आणि आरोप सगळा त्या फरकावर उभा होता. शेठजींच्या चिरंजीवांची उलटतपासणी सुरू झाली.

"ढेपा किती आल्या नि किती गेल्या?"

"तेवढ्याच."

"मग चोराने ढेप नेली नाही, प्रत्येक ढेपेतून थोडा थोडा गूळ कोरून नेला, असे आपले म्हणणे?"

कोणी बोलेना. पावसाळ्यात गूळ पाझरतो, तळाचे बारदान चिकट होते आणि ढेपेचे वजन उतरते, हे कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक असते. संगणकाच्या तक्त्यात मात्र घटीचा रकानाच नव्हता. शेठजींनी चिरंजीवांकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे. जुन्या रोजमेळात त्यांच्या वडिलांच्या अक्षरात घट लिहिलेली मी स्वतः पाहिली आहे.

सगळेच त्या मुलीच्या बाजूने गेले असे नाही. आवक-जावक वहीत तीन आठवड्यांच्या नोंदी नव्हत्या आणि त्याचे उत्तर गोदामवाल्याजवळ नव्हते. अफरातफर सिद्ध नाही, हलगर्जी सिद्ध, असा अहवाल मी दिला. शेठजींनी त्याला लेखी ताकीद देऊन प्रकरण मिटवले.

तो आजही त्याच गोदामात आहे. जून ते सप्टेंबर दर शनिवारी ढेपा तोलून घट वेगळ्या वहीत लिहिली जाते. त्या वहीचे रकाने भाच्यांनी आखून दिले.