योंगवोल : वळण घेतलेली राजवाट

दक्षिण कोरियाच्या गांगवॉन प्रांतात, डोंगरांच्या कुशीत योंगवोल वसले आहे. तिथली चॉन्गन्योंगपो ही जागा तीन बाजूंनी नदीने वेढलेली, चौथ्या बाजूला उभा कडा. आजही तिथे होडीनेच जावे लागते. जोसॉन घराण्याचा सहावा राजा दानजोंग याला १४५७ साली या निसर्गाच्या तुरुंगात आणून सोडले. १४५२ मध्ये तो गादीवर बसला तेव्हा त्याला अकरावे वर्ष चालू होते. तीनच वर्षांत काका सुयांगने गादी बळकावली आणि तो ‘सेजो’ झाला. दानजोंगला पुन्हा राजा करण्याचा कट १४५६ मध्ये फसला. मग त्याचे राजेपणच काढून घेऊन त्याला ‘नोसानगुन’ हा राजपुत्राचा दर्जा दिला. सोळाव्या वर्षी तो इथेच, योंगवोलमध्ये मरण पावला.

तो खरा राजा होता की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या समाधीच्या, म्हणजे जांगनुंगच्या मांडणीतच मिळते. सेजोच्या दरबारी नोंदींत त्याने गळफास घेतला आणि त्याचे दफन रीतसर झाले, असे लिहिले आहे. पण जोसॉनच्या रिवाजानुसार राजसमाधी राजधानीपासून शंभर ‘ली’च्या, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटरच्या आत आणि जाणकारांनी निवडलेल्या जागी असे. ही समाधी मात्र दूर डोंगराच्या सोंडेवर आहे. प्रेताला हात लावायला कोणी धजत नसताना स्थानिक कचेरीतल्या ऑम हुंगदो या प्रमुख कारकुनाने ते गुपचूप पुरले, असे परंपरा सांगते. एरवी राजसमाधीत तांबड्या खांबांच्या कमानीपासून पूजामंडपापर्यंत दगडी वाट सरळ जाते. इथे ती काटकोनात वळते. रक्षक योद्ध्यांचे दगडी पुतळेही नाहीत.

यावर कोणी म्हणेल, वाट वळली ती अरुंद जागेमुळे, तिच्यात इतिहास कसला शोधायचा? कारण तेच आहे. पण अशी अडचणीची जागा राजासाठी कोणी निवडली नसती. ती घाईने आणि भीतीपोटी निवडली गेली, हेच ते वळण सांगते. दुसरा आक्षेप असा की १६९८ मध्ये सुकजोंग राजाने दानजोंगला राजपद परत दिले, त्यामागे राजनिष्ठेचा धडा घालून देण्याचा दरबारी हिशेब होता. हिशेब असेलही. तरी सुकजोंग सेजोचाच वंशज होता, आणि पूर्वजाने पुसलेले नाव २४१ वर्षांनी मान्य करणे त्याला भाग पडले. दानजोंगच्या कारकिर्दीच्या बखरीवर ‘दानजोंग’ हे नाव चढले ते फक्त मुखपृष्ठावर. आतल्या पानांत ‘नोसानगुन’च राहिला. समाधीच्या बाबतीत अशी वरवरची दुरुस्ती चालली नाही. एका कारकुनाने जिथे राजाला विसावा दिला, तिथेच राज्यसत्तेला यावे लागले, आपली सरळ वाट वाकवून. २००९ मध्ये जोसॉनच्या इतर राजसमाध्यांबरोबर जांगनुंगही जागतिक वारसा ठरले. तिथे गेल्यावर त्या वळणापाशी थोडे थांबावे. या राजाच्या हक्काचा सर्वांत भक्कम पुरावा तेच आहे.