येशू वर गेला, मग शिष्य आनंदाने का परतले? स्वर्गारोहण सणाची गोष्ट

जरीपटका (नागपूर) : नाताळ, ईस्टर सगळ्यांना माहीत असतात. पण ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येणारा स्वर्गारोहणाचा सण गावाकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो. काही चर्चमध्ये तो पुढच्या रविवारी पाळतात.

बायबलप्रमाणे मेलेल्यातून उठल्यावर येशू चाळीस दिवस शिष्यांना दिसत राहिला. मग जैतुनांच्या डोंगरावरून त्यांच्यादेखत वर घेतला गेला. आता घरचा कर्ता माणूस निघून गेला तर घर रडतं. पण लूक लिहितो की शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमला परतले. असं कसं?

आपल्या जरीपटका नावावरून हे समजून घेता येईल. जरीपटका म्हणजे मराठ्यांचं जरीचं निशाण. छत्रपती गादीवर, सरदार निशाण घेऊन मोहिमेवर. निशाण सोबत असलं की हुकूम धन्याचा, सरदाराचा स्वतःचा नाही. ख्रिस्ती लोक मानतात की येशू वर गेला म्हणजे देवाच्या उजवीकडे गादीवर बसला. सगळा अधिकार त्याचा, म्हणून शिष्यांनी जाऊन सांगायचं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी हेच आहे : तो वर गेला आणि हे सगळीकडे उपदेश करत निघाले. फरक इतकाच की इथे तलवार नाही, नुसता शब्द. जो उपदेशक स्वतःचीच थोरवी गातो, त्याच्याजवळ निशाण नाही असं मी तरी समजतो.

शिष्यही लगेच निघाले नाहीत. दहा दिवस थांबले. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला आणि देशोदेशीच्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आलं, असं बायबल सांगतं.

भाषेचं हे काम नागपुरातही झालं. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. मराठी शिकले, शाळा काढली, गोंडांची गाणी-कथा लिहून घेतल्या, खडकांतले जीवाश्मही गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडून गेले. पावसाळ्यात नाला कसा चढतो, हे बुटीबोरीकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

त्यांचे गोंडांबद्दलचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. हिस्लॉप कॉलेज उघडलं ते १८८३ ला, त्यांच्या मागे वीस वर्षांनी.