बोलू नका, करून दाखवा!

बॉम्बेचं मुंबई होऊन जमाना झाला, पण बेलफास्टमध्ये अजूनही एक ‘बॉम्बे स्ट्रीट’ आहे! ऑगस्ट १९६९ च्या दंगलीत ही गल्ली जळाली. ती पुन्हा उभारायला जे धावले, त्यांत शॉज रोडवरची काही आयरिशवेडी मंडळीही होती. घरं बांधायचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच, कारण तेव्हा ती स्वतःसाठी एक भन्नाट वसाहत उभारत होती.

उत्तर आयर्लंडच्या या राजधानीत शाळा, ऑफिस, बाजार सगळीकडे इंग्रजीच. या तरुण जोडप्यांचंही बालपण इंग्रजीतच गेलेलं. आयरिश ते मागाहून, हौसेने शिकले. पण हौस क्लासपुरती राहिली तर मुलांपर्यंत भाषा पोचणार कशी? मग त्यांनी पैसे जमवले, जमीन घेतली आणि शेजारी-शेजारी घरं बांधली. १९६९ मध्ये ५ कुटुंबं राहायला आली. फंडा एकदम सिंपल : घरात आणि अंगणात फक्त आयरिश.

पुढचा प्रश्न शाळेचा. १९७१ मध्ये त्यांनी तीही काढली. विद्यार्थी किती? फक्त ९! सरकारी अनुदान नाही, त्यामुळे खर्चाची जुळवाजुळव पालकांनीच करायची. सरकारी मदत मिळायला १९८४ उजाडलं.

आज पश्चिम बेलफास्टच्या फॉल्स रोडवर एका जुन्या चर्चमध्ये ‘कुल्तुरलान’ हे आयरिश केंद्र आहे. कॉफी प्या, पुस्तकं चाळा, नाटक बघा, सगळं आयरिशमध्ये. ‘नीकॅप’ हे आयरिशमध्ये रॅप करणारं त्रिकूटही याच शहरातलं. त्यांच्यावरचा सिनेमा २०२४ मध्ये जगभर गाजला.

पण सगळंच काही गोड नाही. पूर्व बेलफास्ट हा मुख्यतः प्रोटेस्टंट भाग. तिथल्या अनेकांना आयरिश म्हणजे ‘त्यांची’, म्हणजे कॅथलिकांची भाषा वाटते. तिथेच लिंडा अर्विन या प्रोटेस्टंट बाईंनी आयरिशचे वर्ग सुरू केले. नाव ‘तुरस’, म्हणजे प्रवास. २०२१ मध्ये या भागात आयरिश बालवाडी निघणार होती, तेव्हा विरोध इतका पेटला की ठरलेली जागा सोडावी लागली. तरीही बालवाडी सुरू झालीच.

२०२२ च्या कायद्याने उत्तर आयर्लंडमध्ये आयरिशला अधिकृत दर्जा दिला. छान! पण २०२१ च्या जनगणनेचे आकडे बघा. थोडीफार आयरिश येणारे १२.४ टक्के, आणि तीच मुख्य भाषा असलेले जेमतेम ०.३ टक्के. भाषा ‘येणं’ आणि भाषेत जगणं यांत एवढं अंतर आहे. कायदा पाटी बदलू शकतो; जेवणाच्या टेबलावर कोणत्या भाषेत भांडायचं, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

शॉज रोडवाल्यांचं घोषवाक्य होतं, ‘बोलू नका, करा!’ भाषेच्या बाबतीत मात्र दोन्ही एकच. बोलणं हेच तर करणं!