नॅनोग्रॅमचा भार आणि लांबलेली पाळी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. चार किलोमीटर लांबीच्या तिच्या भुजांत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान हालचाल मोजली जाईल. सूक्ष्माची अशीच जाण असणारी दुसरी यंत्रणा प्रत्येक माणसाच्या शरीरात आहे, ती म्हणजे संप्रेरकांची. स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन असते ते मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्यात थोडी वाढ झाली तरी पाळीचे चक्र बिघडू शकते.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस या अंडाशयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात नेमके हेच होते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मान काळवंडते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. १८ ते ४० वयाच्या ९,८२४ स्त्रियांच्या या अभ्यासात निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार १९.६ टक्के जणींत हा विकार आढळला.

नाव अंडाशयाचे असले तरी हा विकार साऱ्या चयापचयाचा आहे. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते जास्त तयार करते. वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके बनवायला भाग पाडते, पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. वजन जास्त नसले म्हणून सुटका होते असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की, सडपातळ भारतीय शरीरातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते. तरीही घरोघरी मुलीलाच ऐकवले जाते, तोंडावर ताबा ठेव म्हणून.

या साखळीत बाहेरची रसायनेही हात घालतात. त्यांत सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो बिस्फिनॉल-ए, म्हणजे बीपीए या रसायनाचा. कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यापासून बनते, डब्यांच्या आतल्या अस्तरातही ते असते. स्पेनमधील संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांना बीपीए दिले, तेव्हा चारच दिवसांत त्यांचे इन्शुलिन वाढले आणि त्याचा परिणाम मंदावला. २०११ मध्ये ग्रीसमध्ये पीसीओएस असलेल्या ७१ स्त्रियांची तुलना १०० निरोगी स्त्रियांशी झाली. पहिल्या गटाच्या रक्तात बीपीए जास्त होते.

यावरून बीपीएमुळेच पीसीओएस होतो असे मात्र सिद्ध होत नाही. पुरुषी संप्रेरके वाढली की यकृत बीपीए सावकाश बाहेर टाकते, असेही प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न खुला आहे. पण सावध होण्याइतका पुरावा नक्कीच आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची सुरक्षित मानली जाणारी दैनंदिन मात्रा वीस हजार पटींनी खाली आणली: शरीराच्या वजनाच्या किलोमागे ०.२ नॅनोग्रॅम.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न शहरापुरता राहत नाही. उन्हात तापलेला पाण्याचा जार, पातळ पिशवीत बांधून दिलेला गरम चहा, फवारणीच्या औषधाचा घरात वापरला जाणारा रिकामा कॅन, अशा अनेक वाटांनी वेगवेगळी रसायने घरात येतात. सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या रानात निंदणी-खुरपणी मुख्यतः बायकाच करतात. कीटकनाशकांचा त्यांच्या पाळीशी आणि साखरेशी काय संबंध आहे, हे त्यांच्यातच जाऊन तपासायला हवे.

बीपीए शरीरात साठून राहत नाही, ही यातली दिलाशाची गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील पाच कुटुंबांतल्या २० जणांनी तीन दिवस डबाबंद आणि प्लास्टिकमधले अन्न टाळून ताजे अन्न खाल्ले, तेव्हा त्यांच्या लघवीतील बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घटले. २०११ च्या या अभ्यासातून पीसीओएस बरा होतो असे दिसत नाही, पण संपर्क किती लवकर कमी करता येतो ते दिसते. गरम जेवण आणि चहा स्टील, काच किंवा मातीच्या भांड्यात घेणे हिंगोलीतही अवघड नाही. आहार, व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे यांना हा पर्याय नाही, जोड आहे.

पाळी लांबली म्हणून एखादी मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात येते, तेव्हा वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासायलाच हवी. त्याच वेळी पिण्याचे पाणी कशात साठवता, गरम अन्न कशात नेता, फवारलेल्या रानात किती दिवसांनी जाता, हेही विचारले जावे आणि केसपेपरवर नोंदले जावे.