तान्ह्या बाळाचा प्रवास आणि आपला खिसा

मे महिना लागला की मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून गावाकडे जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. लग्नसराई असते, कुणाचे आजारपण असते, पुढे दीक्षाभूमीला जाणे असते. घरात तान्हे बाळ आहे म्हणून ही कामे थांबत नाहीत. मुंबईहून नागपूर म्हणजे रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर, चौदा-पंधरा तासांची वाट. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत वा एस.टी.त तिकीट लागत नाही. पण वाटेत बाळासाठी जी घाईघाईत खरेदी होते, ती तिकिटापेक्षा जड पडते. हा खर्च कुठे वाचवावा आणि कुठे मुळीच वाचवू नये, हे आपल्या माता-भगिनींपुढे आणि विशेषतः बाळाच्या बापापुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

आधी आईचे ताट

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नाही. म्हणजे या वयाच्या बाळाचे जेवण विकत घ्यावे लागत नाही. पण पुष्कळ घरांत उलटेच घडते. प्रवासात दूध कमी पडेल या भीतीने दुधाच्या पावडरीचा डबा घेतात आणि तेवढे पैसे आईच्या खाण्यातून कापतात. ती बिचारी एका वडापाववर रात्र काढते. वास्तविक बाळ जितके पिते तितके दूध येत राहते. म्हणून डब्याचा पैसा भाकरी, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, केळी आणि आईला पुरेल एवढ्या पाण्यावर घालावा. तिला खिडकीजवळची जागा आणि आडोशाला ओढणी द्यावी. एस.टी.च्या अनेक स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष असतो. तो कुठे आहे, हे विचारायला लाजू नये.

१९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करण्यास बंदी आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. तेव्हा दुकानदाराच्या आग्रहावरून डबा घेऊ नये.

डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध चालूच असेल, तर नेहमीचीच पावडर घरून न्यावी. एका वेळेची पावडर मोजून कोरड्या, स्वच्छ डबीत भरावी, अशा चार-पाच डब्या कराव्यात. उकळते पाणी थर्मासमध्ये घ्यावे. दूध पाजायच्या वेळीच कालवावे, कोमट करून पाजावे आणि उरलेले टाकून द्यावे. पावडर पुरवण्यासाठी पाणी वाढवू नये. त्यात बाळाची उपासमार होते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. तो स्वस्त असतो आणि घासून, उकळून नीट स्वच्छ होतो.

लंगोट की डायपर?

घरी जुन्या सुती साडीचे लंगोट उत्तम. पण गाडीत धुणे-वाळवणे होत नाही. म्हणून प्रवासापुरते डायपर घ्यावेत आणि गावी पोहोचताच लंगोट बांधावेत. पंधरा तासांना पाच-सहा डायपर आणि वर दोन जादा, एवढे पुरतात. पुडक्यावर बाळाचे वजन छापलेले असते, ते पाहून माप ठरवावे. किमतीला नगांनी भागून एका डायपरचा भाव काढावा. मोठे पुडके बहुधा स्वस्त पडते, पण बाळ त्या मापातून लवकर बाहेर पडणार असेल तर ते घेऊन उपयोग नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाच्या डायपरवरील आणि दुधाच्या बाटलीवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही दुकानात लक्षात असू द्यावे. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकावा, रुळांवर नव्हे.

सोबत एक मेणकापड, दोन दुपटी, तीन झबली, टोपडे आणि झोळीसाठी जुनी साडी घेतली की विकतची बाळगादी लागत नाही.

सहा महिन्यांनंतरचे खाणे

ज्वारीच्या वा साळीच्या लाह्यांचे पीठ घरी दळून न्यावे. गरम पाण्यात कालवले की खाणे तयार. पिकलेले केळे कुसकरून द्यावे. ते सालीत असल्याने वाटेतही निर्धोक. स्टेशनवरचे उघडे दूध वा कापून ठेवलेली फळे बाळाला देऊ नयेत.

औषधाची काटकसर नको

जुलाब लागले तर जलसंजीवनी, म्हणजे ओ.आर.एस., हवी. सरकारी आरोग्य केंद्रात वा आशाताईंकडे ही पुडी मोफत मिळते, ती निघण्यापूर्वीच मागून घ्यावी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवावी. ओ.आर.एस.च्या नावाखाली विकली जाणारी गोड पेये ती नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव वापरण्यास मनाई केली. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध जुलाबातही चालूच ठेवावे आणि बाळ मलूल झाले तर पुढच्या गावाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

खोकल्याचे औषध दुकानदाराला विचारून घेऊ नये. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशा औषधाने लहान मुले दगावली. दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारने त्यानंतर कळवले. लसीकरणाचे कार्ड मात्र पिशवीत असावेच. डोस आला असेल तर गावच्या सरकारी केंद्रातही तो फुकट मिळतो.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे, मग ते 'थंड करण्याचे' म्हणून का मागेनात, देऊ नयेत. रेल्वेत अशी मागणी झाल्यास १३९ वर तक्रार करता येते.

निघण्याच्या दोन दिवस आधी ही यादी कागदावर लिहून बाळाच्या बापाच्या हाती द्यावी. सामान त्याने जमवावे, पिशवी त्याने उचलावी. आईने बाळ सांभाळावे आणि वेळेवर पोटभर जेवावे.