संगणकीय दप्तरांचें वाचन

रुमाल सोडल्यावर आपण एकेक कागद उचलतों. संगणकावर उतरविलेलें मोठें दप्तरही पायथन भाषेंत तसेंच ओळीओळीनें वाचावें. सबंध एकदम स्मृतींत घेऊं नये. ठराविक बाइटांचे तुकडे पाडणें तर घातकच. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. २०१४ सालीं युनिकोडांत आलेल्या मोडीच्या चिन्हास ४. फाळणीनंतर आमच्या उल्हासनगर कॅम्प २ मध्यें वसलेल्या सिंधी कुटुंबांचा मजकूर अरबी वळणाच्या लिपींत असल्यास २. त्यामुळें तुकडा चिन्हाच्या मध्येंच पडतो. तेव्हां चुका दुर्लक्षिण्याची आज्ञा दिलेली असल्यास तें चिन्ह निमूटपणें गळतें, आणि पुढील संशोधक त्यास पाठभेद समजतो. वाचन अडलें तरी चालेल, पण ती आज्ञा देऊं नये, असें आमचें मत आहे.